पाणी कुठून येते? वसईतील एका जुन्या देवळाच्या दुरुस्तीचे प्रकरण

वसईचा ख्रिस्ती माणूस घरच्या बोलीत चर्चला देऊळच म्हणतो. ‘आपले देऊळ पाडणार’ ही बातमी आळीआळीतून कशी फिरते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या हकिकतीतील ताण वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. प्रकरण वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील एका धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती समाजाचे (पॅरिशचे) आहे. गाव, धर्मगुरू आणि ठेकेदार यांची नावे दिलेली नाहीत, तसेच मोजमापे व कुटुंबांचे आकडे मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत. धर्मग्राम परिषदेने नेमलेल्या इमारत समितीत मी होतो. व्यवसायाने मी स्थापत्य अभियंता, पण चुन्याच्या बांधकामाचा माझा अनुभव तेव्हा जवळजवळ शून्य होता. त्यामुळे पुढे नोंदवलेल्या चुकांपैकी काही माझ्या स्वतःच्या आहेत.

पार्श्वभूमी

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली आणि त्यानंतरच्या काही दशकांत फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरूंनी किल्ल्यात आणि आसपासच्या गावांत चर्च उभारली. किल्ल्यातील सेंट जोसेफचे मुख्य चर्च १५४६ चे असून १६०१ मध्ये ते वाढवून बांधण्यात आले. गावोगावची बहुतेक जुनी धर्मग्रामे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर युरोपीय मिशनरी निघून गेले, अनेक चर्च पडीक झाली आणि त्यांच्या घंटा मराठी मुलखातील देवस्थानांत गेल्या. वाईजवळच्या मेणवलीची आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांपैकीच आहे. मागे राहिलेल्या भाविकांचा सांभाळ स्थानिक धर्मगुरूंनी केला आणि परिस्थिती निवळली तशी गावांनी आपापली देवळे पुन्हा उभी केली. म्हणूनच वसईतील एखाद्या चर्चच्या पाटीवर सोळाव्या शतकातील साल असले, तरी समोर दिसणारी इमारत त्याच सालातील आहे असे क्वचितच असते.

आमचे देऊळही असेच थराथरांनी घडले आहे. पूर्वेकडचा वेदीचा भाग सर्वांत जुना, पोर्तुगीज अमदानीतील आहे. त्याच्या दगडी भिंती सव्वा मीटर जाडीच्या असून वर अर्धगोल दगडी कमान, म्हणजे लांबट घुमट आहे. लोक जिथे बसतात ते मुख्य दालन साधारण ९ मीटर रुंद व २४ मीटर लांब असून ते एकोणिसाव्या शतकात जुन्या पायावर पुन्हा बांधले गेले. त्यावर सागवानी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि मंगळुरी कौले आहेत. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, तेव्हा ही कौले त्याआधीची असणे शक्य नाही. पहिले छप्पर नळीच्या कौलांचे असावे. दक्षिणेकडचा पडवीसारखा भाग १९३० नंतर जोडलेला आहे. दर्शनी भिंतीचा त्रिकोणी माथा आणि त्यातील गोल झरोका जुन्या धाटणीचा असला, तरी घंटेचा मनोरा त्याच्याही नंतरचा आहे.

विसाव्या शतकातील दोन बदल या प्रकरणात महत्त्वाचे ठरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, उपासनाविषयक दस्तऐवज डिसेंबर १९६३ मध्ये आला, पुढच्या वर्षीच्या सूचनेत मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी असे सांगितले गेले, आणि मिस्सा (चर्चमधील सामुदायिक उपासना) लॅटिनऐवजी मराठीतून, लोकांकडे तोंड करून होऊ लागली. आमच्याकडे त्या उत्साहात नवी वेदी पुढे आली. मागचा कोरीव लाकडी अल्तार, म्हणजे जुन्या वेदीचे मखर, सुदैवाने जागेवर राहिला, मात्र त्याचे खालचे दोन कप्पे काढून सांक्रिस्तीत (वेदीलगतच्या, धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीत) ठेवले गेले. दुसरा बदल १९८० च्या दशकातला. भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला, माणसाच्या उंचीपर्यंत ऑइलपेंट लागला आणि काही वर्षांनी जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स बसल्या. ज्यांनी हे केले त्यांनी घाम गाळून वर्गणी जमवली होती आणि त्या काळी सिमेंट म्हणजे मजबुती हेच सर्वांना ठाऊक होते. त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही, असे मला आजही वाटते.

अडचण कशी समोर आली

ऑगस्ट महिन्यातील एका दफनविधीच्या मिस्सानंतर, लोक सिमेतेरीकडे (दफनभूमीकडे) निघालेले असताना, अल्तारामागच्या भिंतीवरून गिलाव्याचा दाराएवढा तुकडा खाली आला. कोणाला लागले नाही. त्याच पावसाळ्यात दक्षिणेकडच्या दोन कैच्यांची टोके भिंतीत जिथे बसतात तिथे काळी पडलेली दिसली आणि घुमटाच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकू लागले.

याला दुसऱ्या एका गरजेची जोड मिळाली. धर्मग्रामात बाराशेच्या आसपास कुटुंबे, बाकांवर जागा साडेतीनशे माणसांची, आणि रविवारी चार मिस्सा होऊनही लोक अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसत. नाताळ आणि पवित्र आठवड्यात तर निम्मे गाव मांडवात असे. साहजिकच ‘देऊळ गळते’ आणि ‘देऊळ पुरत नाही’ ही दोन वाक्ये एका दमात म्हटली जाऊ लागली. दोन्ही खरी होती, पण त्यांची कारणे निराळी होती आणि उपायही निराळे हवे होते. ही गल्लत सुटायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागले.

नोव्हेंबरमध्ये धर्मग्राम परिषदेने एका ठेकेदाराकडून पाहणी करून घेतली. त्याच्या चार पानी अहवालात इमारत ‘धोकादायक’ असल्याचे म्हटले होते आणि सोबत नव्या इमारतीचे रंगीत चित्र जोडलेले होते. पाहणी करणारा आणि नवे बांधकाम करू इच्छिणारा एकच, ही बाब त्या दिवशी बैठकीत कोणाच्याही लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

मांडलेले पर्याय

पहिला पर्याय सर्व पाडून, आठशे माणसे बसतील असे खांबविरहित नवे चर्च बांधण्याचा होता. तरुण कुटुंबांचा आणि आखातात नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणांचा त्याला पाठिंबा होता. परदेशातून वर्गणीची आश्वासनेही येऊ लागली. तेव्हा पैशाची एक बाजू कोषाध्यक्षांनी वेळीच ध्यानात आणून दिली, ती इतर धर्मग्रामांनाही उपयोगी पडेल. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही, परंतु कॅनडाचे किंवा ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेला गावचाच मुलगा कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत असतो, आणि त्याचे पैसे संस्थेची विदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी व त्यासाठीचे विशेष खाते असल्याशिवाय घेता येत नाहीत. आश्वासनांच्या यादीतील बरीच नावे या दुसऱ्या गटातली निघाली.

दुसरा पर्याय मधला वाटत होता आणि म्हणूनच सर्वांत मोहक होता : भिंती आणि दर्शनी भाग ठेवायचा, लाकडी छप्पर काढून त्याजागी उतरता स्लॅब टाकायचा आणि वरून कौले चिकटवायची. बाहेरून जुने दिसेल, आतून गळणार नाही. एका रात्री मी घरी याचे साधे गणित मांडले. भारतीय मानक ८७५ प्रमाणे रिपांसह मंगळुरी कौलांचे वजन चौरस मीटरला सुमारे ६५ किलो धरतात. १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन ३१२ किलोच्या पुढे जाते. उतारासह छपराचे क्षेत्रफळ २५० चौरस मीटर धरले, तर १६ टनांच्या जागी ७८ टन होतात, आणि वरचा कोबा व कौले त्याहून निराळी. चुन्यात बांधलेल्या, आधीच ओल धरलेल्या दगडी भिंतीच्या माथ्यावर हे ओझे ठेवायचे म्हटले, तर उतरत्या छपराचा बाहेरच्या दिशेने पडणारा रेटाही त्याच भिंतीने सोसायचा. ठेकेदाराच्या अहवालात भिंती धोकादायक होत्या आणि त्याच्याच आराखड्यात त्याच भिंती पाचपट वजन पेलणार होत्या. हा विरोधाभास कागदावर आकड्यांनी मांडल्यावर दुसऱ्या पर्यायाचे समर्थन बरेच ओसरले.

तिसरा पर्याय जुनी इमारत चुना-लाकडाच्या पद्धतीने दुरुस्त करण्याचा होता आणि चौथा ती जशी आहे तशी ठेवून, दुसऱ्या जागेवर नवे चर्च बांधण्याचा. चौथ्यासाठी जमीनच नव्हती, त्यामुळे त्यावर फारशी चर्चा झाली नाही.

पहिला निर्णय : अहवाल म्हणजे निर्णय नव्हे

या टप्प्यावर धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतील विभागाच्या) कार्यालयाने पाठवलेल्या एका पत्रामुळे प्रकरणाला वळण लागले. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाल्यापासून आमच्याकडची अशी प्रकरणे वसईच्या बिशपांकडे जातात. पत्रात नवे काहीच नव्हते. १९८३ च्या कॅनन कायद्यातील, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यातील, कलमांची आठवण करून दिली होती. कलम १२१६ प्रमाणे चर्च बांधताना व दुरुस्त करताना तज्ज्ञांचा सल्ला घेऊन उपासनेची व पवित्र कलेची तत्त्वे पाळावी लागतात. कलम १२८१ प्रमाणे नेहमीच्या कारभाराच्या मर्यादेबाहेरचे व्यवहार लेखी परवानगीशिवाय केले तर ते अवैध ठरतात. कलम ११८९ प्रमाणे प्राचीनता, कला किंवा भक्ती यांमुळे मौल्यवान ठरलेल्या मूर्ती व चित्रांची दुरुस्ती लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. प्रमुख धर्मगुरूंनी ते पत्र परिषदेत वाचून दाखवले आणि एवढेच म्हणाले, “पाडायचे असेल तरी आधी दुसऱ्या कोणाला दाखवू. घाई कसली?”

दुसरी पाहणी जुन्या इमारतींचे काम करणाऱ्या एका वास्तुविशारद बाईंनी केली. आल्यावर त्यांनी इमारतीकडे आधी पाहिलेच नाही. त्या तासभर अंगणात फिरत होत्या आणि मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी घेऊन पेव्हर ब्लॉकची उंची मोजत होत्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, “जोत्याचा दगड कुठे आहे?” तो कोणालाच दाखवता येईना. अंगण दर काही वर्षांनी उंचावत गेले होते आणि जोते जवळजवळ ४५ सेंटिमीटर खाली गाडले गेले होते. त्यातील हवा खेळण्याची भोकेही बुजली होती.

दुसरा निर्णय : चौरस मीटरभर भिंत उघडून पाहणे

जानेवारीत अल्तारामागे एक चौरस मीटर सिमेंट काढायचे ठरले. छिन्नी चालवायला आणलेले मिस्त्री सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांच्या वडिलांनी परिसरातल्या दोन देवळांचे चुन्याचे काम केले होते. सिमेंटचा पापुद्रा भाकरीसारखा अखंड सुटला, कारण मागे त्याला धरून ठेवणारे काहीच उरले नव्हते. मागच्या जुन्या चुन्यावर पांढरी पूड जमली होती. मिस्त्रींनी ती बोटावर घेतली, जिभेला लावली आणि थुंकून म्हणाले, “मीठ आहे. भिंत आतून भिजते, सुकायला वाट नाही.” दगडांच्या सांध्यात अंगठा दाबला तर तो पेरभर आत जात होता.

त्यांनी चार शब्दांत जे सांगितले, तेच पुढे अहवालात दोन पानांत आले. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर सोडतो. सिमेंट व ऑइलपेंट ती अडवतात. दालनात पाणी न शोषणाऱ्या टाइल्स बसल्यावर जमिनीतील ओलीला वर यायची वाट बंद झाली आणि ती भिंतींकडे सरकली. बाहेर अंगण उंच झाल्याने पावसाळ्यातील दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी जोत्याशी उभे राहू लागले. समुद्राकाठची हवा खारट, त्यामुळे मीठ साचत गेले, प्रत्येक उन्हाळ्यात त्याचे स्फटिक होऊन चुना भुसभुशीत झाला, आणि एका ऑगस्टमध्ये सिमेंटच्या पापुद्र्याला स्वतःचेच वजन पेलवेना.

छपराचे गूढ एका जुन्या जमाखर्चाच्या वहीत उलगडले. पोर्तुगीज शब्द मिसळलेल्या त्या वहीत दर एप्रिलमध्ये कौले फिरवण्याचा व चुना लावण्याचा खर्च सलग लिहिलेला होता. दक्षिणेची पडवी जोडली गेल्यानंतर मात्र ‘पन्हळ’ हा नवा खर्च सुरू होतो आणि तो कधीच थांबत नाही. पडवी जोडताना मुख्य छपराचा पाखा आणि पडवीचा पाखा यांच्यामध्ये एक आडवी खोबण तयार झाली होती. दोन्हीकडचे पाणी तिच्यात पडे, पाने अडकत, पाणी मागे फुगे आणि नेमके कैच्यांच्या टोकांवर उतरे. पडवीचा उतारही कमी होता. मंगळुरी कौलांना पंचवीस ते तीस अंशांचा उतार लागतो. तो जेमतेम अठरा होता. सुताराने काळ्या पडलेल्या टोकात पटाशी घातली तेव्हा पहिले तीन इंच भुशासारखे निघाले आणि त्यापुढचा साग इतका कणखर होता की पटाशीची धार बोथटली.

या चाचणीनंतर ‘देऊळ म्हातारे झाले’ ही भाषा बैठकीतून गेली. देऊळ १७३९ च्या पडझडीतून उठले होते. त्याला ग्रासले होते ते गेल्या नव्वद वर्षांतील तीन सुधारणांनी, आणि त्या तिन्ही मागे घेता येण्यासारख्या होत्या.

तिसरा निर्णय : दगड उघडा ठेवायचा का?

सिमेंट काढायचे ठरताच नवा आग्रह सुरू झाला. किल्ल्यातील चर्चचे उघडे दगड किती सुंदर दिसतात, आपलेही तसेच ‘मूळ पोर्तुगीज’ करावे, असे अनेकांना वाटू लागले. हा मोह समजण्यासारखा असला तरी त्यामागची समजूत चुकीची होती. किल्ल्यातील दगड उघडे आहेत कारण तिथली बहुतेक चर्च म्हणजे छपराविना उभे असलेले भग्नावशेष आहेत. कोपऱ्यांत आणि कमानींच्या आडोशाला चुन्याचा गिलावा आजही टिकून आहे, तो पाहणाऱ्याला दिसतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चचे उदाहरण समितीपुढे ठेवण्यात आले. १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये अभिषेक झालेली ती बासिलिका (विशेष मानाचे चर्च) मुळात गिलावा केलेली होती. १९५० च्या दशकात गिलावा उतरवून जांभा उघडा केला गेला आणि तेच रूप पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोळ्यांत बसले. आज तो जांभा पावसाने झिजतो आहे आणि पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद आहे, कारण लोकांना लाल दगडाची बासिलिकाच ‘मूळ’ वाटते. आमच्याकडे त्याच वादाची पायाभरणी करू नये, असे मी लिहून दिले. पाच विरुद्ध चार मतांनी ते मान्य झाले.

चाचणीच्या तुकड्यात आणखी एक गोष्ट सापडली होती. जुन्या चुन्यावर निळीचा फिकट थर आणि त्यावर गेरूची बोटभर रुंद पट्टी. ती किती जुनी ते सांगता येत नाही. काही जण म्हणाले, सर्व भिंत त्याच रंगात रंगवा. वास्तुविशारद बाईंचे म्हणणे असे पडले की हा एका थराचा पुरावा आहे, तो सबंध इमारतीचा रंग ठरू शकत नाही. शेवटी तळहाताएवढा चौकोन उघडा ठेवून बाकी भिंत पांढऱ्या चुन्याने झाकली. मला हा निर्णय तेव्हा भित्रा वाटला होता. आता तसा वाटत नाही.

प्रत्यक्ष काम

कामाचा क्रम हाच सर्वांत वादग्रस्त मुद्दा ठरला. अहवालाचे म्हणणे होते की पहिल्या उन्हाळ्यात केवळ पाण्याचा बंदोबस्त करावा, भिंती एक पावसाळा व एक हिवाळा सुकू द्याव्यात आणि मगच गिलाव्याला हात लावावा. म्हणजे दीड वर्ष देऊळ उघड्या, डागाळलेल्या भिंतींनी उभे राहणार होते. या काळात दोन बहिणींची लग्ने लागायची होती. त्यांच्या आजीने बैठकीत येऊन जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. धर्मगुरूंनी वेदीमागे पांढरे पडदे लावले आणि क्रम बदलला नाही.

मार्च-एप्रिलमध्ये देवळाभोवतीचे दीड मीटर रुंदीचे पेव्हर ब्लॉक काढून अंगण जोत्याखाली नेले, कडेने उतार देऊन चर खणला आणि दक्षिणेची खोबण मोडली. पडवीचे छप्पर खाली घेऊन मुख्य पाख्यापासून वेगळे केले, त्यामुळे कौलांवरचे पाणी सरळ बाहेर पडू लागले. आत टाइल्स सगळ्या काढायला पैसे नव्हते. भिंतीलगतची अर्धा मीटर पट्टी मात्र काढून तिथे चुन्यातली दगडी फरशी बसवली. ती काढताना तीन जुन्या समाधिशिला निघाल्या. पूर्वी चर्चच्या जमिनीत दफन होत असे. आजच्या कॅनन कायद्यातील कलम १२४२ तशी मुभा पोप, कार्डिनल व आपल्या चर्चमध्ये पुरल्या जाणाऱ्या बिशपांपुरतीच ठेवते. शिला होत्या तिथेच ठेवल्या, पण त्यांवरची अक्षरे नीट उतरवून घेण्याआधी मजुरांनी एक शिला घासून स्वच्छ केली, आणि अक्षरांच्या दोन ओळी कायमच्या गेल्या. देखरेखीला त्या दिवशी समितीतला कोणीही हजर नव्हता. पाळी माझी होती.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरपासून सिमेंट उतरवले. कळीचा चुना तीन महिने आधीच भिजवून मुरवला होता. वाळू, विटांची सुरखी (भुकटी) आणि चुना यांचे मिश्रण मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे चुन्याच्या घाण्यात दळले आणि शेवटच्या हातासाठी गूळ व हिरड्याचे पाणी घातले. कैच्यांची कुजलेली टोके कापून जुन्याच सागाचे जोड तिरक्या खाचेत बसवले. नऊपैकी चारच कैच्यांना त्याची गरज पडली. फुटलेल्या कौलांच्या जागी बंगल्यांसाठी पाडल्या जाणाऱ्या आसपासच्या घरांची कौले आणली. घंटा वाजवणारे काका ती उलटी करून कारखान्याचे ठसे बघत बसत आणि एकाच कारखान्याची कौले एका पाख्यावर लावायचा हट्ट धरत. त्याने गळती कमी झाली का, ठाऊक नाही. बसणी मात्र नक्कीच सुधारली. घुमटावरचा डांबराचा थर काढून चुन्याचा कोबा केला. अल्तार परवानगी येईपर्यंत हलवला नाही. परवानगीनंतर सांक्रिस्तीतील दोन कप्पे जागेवर परत बसवले, पुढची वेदी मात्र आहे तिथेच ठेवली.

इथे दुसरी मोठी चूक झाली. सणाआधी बाहेरून पांढरे देऊळ दिसावे म्हणून उत्तरेच्या भिंतीचा शेवटचा हात मेच्या अखेरीस दिला. उन्हाने तो भराभर सुकला, आतून घट्ट होण्यास त्याला वेळ मिळाला नाही आणि जूनच्या पहिल्या सरींत पट्ट्यापट्ट्यांनी उतरला. मिस्त्रींनी आधीच नकार दिला होता. आम्ही दुसरे गवंडी लावून तो हात मारला होता. ऑक्टोबरमध्ये तो मिस्त्रींनी पुन्हा केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, ही गोष्ट आम्हाला जास्त लागली.

परिणाम

काम संपल्यानंतर तीन पावसाळे गेले. घुमटाची गळती थांबली आहे. कैच्यांची टोके कोरडी आहेत. अल्तारामागची भिंत अजूनही ऑगस्टमध्ये फिकट ओल धरते, पण डाग दर वर्षी खाली सरकतो. काका त्याच्या कडेला पेन्सिलीने तारीख लिहून ठेवतात. खर्च नव्या इमारतीच्या अंदाजाच्या साधारण एक चतुर्थांश झाला. मात्र दरवर्षी एप्रिलमध्ये कौले फिरवणे आणि दोन-तीन वर्षांनी चुना लावणे हा खर्च आता कायमचा आहे आणि त्यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात वेगळी रक्कम ठेवायला परिषदेने दोन वर्षे खळखळ केली.

जागेचा प्रश्न सुटला नाही. दक्षिणेच्या भिंतीतील १९७० च्या सुमारास बुजवलेली दोन दारे उघडल्याने पडवीत नव्वद माणसे बसू लागली, आणि अंगणात देवळाला न टेकणारा हलका लोखंडी मांडव उभा केला. पाचवी मिस्साही सुरू झाली. तरीही नाताळच्या रात्री खुर्च्या रस्त्यापर्यंत जातात, आणि ज्यांनी नव्या इमारतीसाठी मत दिले होते त्यांनी त्या रात्री माझ्याकडे पाहिले, तर त्यांचे म्हणणे मला न बोलता कळते.

वेगळे काय करता आले असते

पाहणी व बांधकाम यांची कामे पहिल्याच दिवशी वेगवेगळ्या व्यक्तींकडे द्यायला हवी होती. चार महिने आणि गावातले बरेच कटू शब्द वाचले असते. गळतीची आणि जागेची समिती एक नको होती. एकीने भिंत तपासली असती आणि दुसरीने मिस्सांच्या वेळा व जमिनीचा शोध घेतला असता, तर चौथा पर्याय इतक्या लवकर बाजूला पडला नसता. जमाखर्चाच्या वह्या, स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) नोंदवह्या आणि घराघरांतले लग्नाचे जुने फोटो हे सर्व काम सुरू होण्याआधी एकत्र करायला हवे होते. दक्षिणेची बुजवलेली दारे आम्हाला एका लग्नाच्या फोटोत, वधूच्या मागे दिसली, आणि तोवर गिलाव्याचे मोजमाप होऊन गेले होते. समाधिशिलांबद्दल काय करता आले असते हे सांगण्याची गरज नाही.

दर्शनी भिंतीवरचे सिमेंट अजून तसेच आहे. ते काढायला मनोऱ्याला आधार द्यावा लागेल, त्याचा अंदाज आला आहे, लेखी परवानगीचा अर्ज गेला आहे, आणि मिस्त्री या वर्षी ब्याऐंशीचे झाले. त्यांच्या हाताखाली दोन मुलगे तयार झाले आहेत. एक त्यांचा नातू, दुसरा पलीकडच्या आळीतला. चुना मात्र अजून ते स्वतःच मुरवतात.